दहावीच्या निकालाचं एक पान आणि आयटीचा पहिला कोर्स

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता महाराष्ट्रातल्या लाखो घरांत एकच उद्योग चालू असतो. कुणीतरी मोबाइलवर मंडळाचं पान उघडतं, बैठक क्रमांक टाकतं, आईचं नाव टाकतं, बटण दाबतं आणि फिरणाऱ्या गोल चक्राकडे बघत बसतं. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला; परीक्षेला बसलेले नियमित विद्यार्थीच १५ लाखांच्या वर होते. त्या एका पानामागे काय काय घडतं ते नीट कळलं, तर शाळकरी मुलांसाठीच्या आयटीच्या पहिल्या कोर्सचा निम्म्याहून जास्त अभ्यासक्रम कळला, असं मी पालकांना सांगते.

निकाल लागला की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो. "मॅडम, सुट्टीत एखादा ऑनलाइन आयटीचा कोर्स लावून देऊ का? फुकटात असतात म्हणे." असतात, आणि चांगलेही असतात. हार्वर्ड विद्यापीठातल्या सीएस५० या गाजलेल्या कोर्सच्या मंडळींनी संगणकाशी फारशी ओळख नसलेल्यांसाठी 'अंडरस्टँडिंग टेक्नॉलॉजी' नावाचा छोटा कोर्स केला आहे. हार्डवेअर, इंटरनेट, मल्टिमीडिया, सुरक्षा, वेब आणि प्रोग्रॅमिंग असे त्याचे भाग. अमेरिकेतल्या हायस्कुलांत २०१६ पासून 'एपी कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स' हा विषय आहे; तिकडे वाढणारी आपली मराठी मुलंही तो घेतात, आणि त्याचे धडे खान ॲकॅडमी व कोड डॉट ऑर्ग या संस्थांनी सगळ्यांसाठी मोफत ठेवलेत. आपल्याकडे सीबीएसईच्या नववी-दहावीला आयटी हा विषय क्रमांक ४०२ म्हणून आहे, राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीला आयटी आहे. नावं वेगळी, क्रम वेगळा, पण गाभा बराचसा तोच.

घरी समज अशी असते की यात वर्ड-एक्सेल शिकवत असतील, नाहीतर पहिल्याच दिवशी ॲप बनवायला बसवत असतील. दोन्ही थोडंथोडं येतं. पण पहिल्या कोर्सचं खरं काम पडद्यामागचं दाखवण्याचं. तेव्हा निकालाचं पान परत उघडू आणि एकेक थर काढत जाऊ.

अक्षरं कुठे असतात?

संगणकाच्या मेमरीत अक्षर नावाची वस्तूच नसते. असतात ते आकडे, आणि ते आकडेही शून्य आणि एक या दोनच खुणांनी लिहिलेले. अशी एक खूण म्हणजे एक बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. आठ जागा, प्रत्येक जागी दोन शक्यता, म्हणून एका बाइटात २५६ वेगवेगळ्या गोष्टी मांडता येतात. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं, अंक, विरामचिन्हं त्यात आरामात बसतात. अख्खं जग बसत नाही. इंग्रजी कोर्समध्ये हा भाग भरभर उरकतात, कारण त्यांना अडत नाही. आपल्याला रोज अडतं, म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे.

तुमच्या घरी कुणी डीटीपीचं काम केलं असेल तर हा प्रकार पाहिला असेल. दुकानातून पेनड्राइव्हवर आणलेली लग्नपत्रिका घरच्या संगणकावर उघडावी आणि 'भारत' या शब्दाच्या जागी एच, के, के, जे, आर अशी इंग्रजी अक्षरं दिसावीत. फाइल बिघडलेली नसते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांची युक्तीच तशी होती. आत आकडे साठवायचे इंग्रजी अक्षरांचेच, फक्त फॉन्टने त्या आकड्यांसमोर देवनागरी आकार काढायचे. इंग्रजी छोट्या डीचा आकडा १००. कृतिदेवमध्ये त्या १०० समोर 'क' काढला जातो. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसतं. तो काढला की खालची इंग्रजी उघडी पडते.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा आकडा. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, आणि तिची मांडणी 'इस्की' या आपल्याकडच्या प्रमाणावरून घेतलेली आहे. युनिकोडात 'क' म्हणजे २३२५. मोबाइल कुठल्याही कंपनीचा असो, फॉन्ट कुठलाही असो, २३२५ म्हणजे 'क' आणि दुसरं काही नाही.

आता मुलांना 'क्षितिज' लिहायला सांगा आणि पहिल्या 'क्षि'त किती अक्षरं आहेत ते विचारा. डोळ्याला एक दिसतं. संगणकाला चार: क, पाय मोडण्याची खूण म्हणजे हलन्त, ष आणि पहिली वेलांटी. वेलांटी डोळ्याला आधी दिसते, साठवली जाते शेवटी. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एका 'क्षि'ला १२ बाइट. कर्सर 'क्षि'च्या पुढे ठेवून बॅकस्पेस एकदाच दाबा. बहुतेक ठिकाणी फक्त वेलांटी जाईल, 'क्ष' शिल्लक राहील. वर्गात हे दाखवलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल काढून करून बघतात. (मोबाइल वर्गात आणायचा नसतो, हे त्या वेळी मी विसरते.)

एसएमएसचं गणितही यातूनच सुटतं. एका एसएमएसला १४० बाइटची मर्यादा. इंग्रजी अक्षर सात बिटांत मावतं म्हणून १६० अक्षरं बसतात. मराठीला तिथे, साठवायची पद्धत वेगळी असल्याने, प्रत्येकी दोन बाइट लागतात, म्हणून ७० च. आणि त्या ७० पैकी चार जागा एकटं 'क्षि' खातं.

आणखी एक गंमत. 'ॲप' मधला 'ॲ' युनिकोडात २००८ मध्ये आला. त्याआधी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र जोडायचे. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण आकडे निरनिराळे. एका यादीत 'ॲड.' एका पद्धतीने टंकलेलं आणि शोधताना तुम्ही दुसऱ्या पद्धतीने टंकलंत, तर साधा शोध 'सापडलं नाही' असं उत्तर देऊ शकतो. सरकारी याद्यांत स्वतःचं नाव शोधून दमलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

फोटोचंही असंच, फक्त आकडे फार. चित्र म्हणजे ठिपके, प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे तीन बाइट. १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे १२० लाख ठिपक्यांचा फोटो कच्चा ठेवला तर ३६ एमबी, म्हणजे ३६० लाख बाइटचा व्हायला हवा. मोबाइलमध्ये तो तीन-चार एमबीचा दिसतो, कारण जेपेग ही पद्धत डोळ्याला न जाणवणारे बारकावे टाकून देते. अर्ज भरताना '५० केबीच्या आत फोटो जोडा' असं आलं की लोक सायबर कॅफेत पळतात. तिथे फार मोठी विद्या नसते. फोटो २०० बाय २३० ठिपक्यांचा करायचा. म्हणजे ४६ हजार ठिपके, कच्चे १३८ केबी. जेपेगने दाबले की ५० च्या आत येतात. एवढं दहावीच्या मुलाला घरच्या घरी जमलं पाहिजे.

पान घरापर्यंत कसं येतं?

ब्राउझरमध्ये मंडळाच्या निकालाचा पत्ता टाकला की पहिला प्रश्न उभा राहतो: हे यंत्र आहे कुठे? इंटरनेटवर यंत्रांची ओळख आकड्यांनी होते. तो आकडा म्हणजे आयपी पत्ता. नावावरून आकडा सांगायचं काम डीएनएस या व्यवस्थेचं. उदाहरणासाठी निकालाचं 'महरिझल्ट डॉट एनआयसी डॉट इन' (mahresult.nic.in) हे नाव घ्या. ते उजवीकडून वाचायचं असतं, आणि ही सवय मुलांना लवकर लावावी. आधी 'इन', म्हणजे भारताचा विभाग. त्याच्या डावीकडे 'एनआयसी', म्हणजे १९७६ पासून सरकारी संगणकाची कामं बघणारं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र. त्याच्याही डावीकडे 'महरिझल्ट'. मालक कोण, हे उजवीकडच्या तुकड्यांवरून ठरतं. आता समजा कुणी पहिल्या डॉटच्या जागी हायफन टाकून 'महरिझल्ट-एनआयसी डॉट इन' असं नाव घेतलं. वरवर बघताना तेच वाटेल, पण त्याचा एनआयसीशी काडीचा संबंध नसेल. त्या पानावर ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्हही दिसू शकतं. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यात आणि त्या यंत्रात चाललेलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडचा माणूस सज्जन आहे की भामटा, हे कुलूप सांगत नाही.

पत्ता मिळाला की देवाणघेवाण सुरू होते. पान एकसंध येत नाही. त्याचे छोटे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. मोठ्या लग्नाचं वऱ्हाड जसं तीन वेगळ्या एसट्यांनी, कुणी कोल्हापूरमार्गे, कुणी सांगलीमार्गे येतं आणि मांडवात पुन्हा एक होतं, तशी ही पॅकेटं वाट मिळेल तशी येतात. प्रत्येकावर क्रमांक असतो. एखादं पोचलं नाही तर तुमचं यंत्र तेवढंच परत मागतं. हे मागणं आणि जुळवणं टीसीपी नावाचे नियम करतात.

'इंटरनेट हवेतून येतं' हा मुलांचा पक्का समज असतो. मोबाइल ते टॉवर एवढंच ते हवेतून येतं. पुढे काचेच्या तारा. परदेशातून येणाऱ्या तारा समुद्रतळावरून येतात, आणि त्यातल्या अनेक मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या तारा तुटल्या आणि त्याचा फटका थेट भारतातल्या इंटरनेटला बसला. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते बॉस्टन सुमारे १२ हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन एक दशांश सेकंदाहून जास्त वेळ लागणारच, पैसे कितीही मोजा.

पैशांवरून आठवलं. घरी '१०० एमबीपीएस'चं कनेक्शन आहे आणि डाउनलोड मात्र सेकंदाला १२ एमबीच्या आसपासच होतं, ही तक्रार घरोघरी असते. त्यात फसवणूक नाही. वेग बिटांत सांगतात, फाइल बाइटांत मोजतात. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा.

चक्र का फिरत राहतं?

ज्या यंत्राकडे आपण निकाल मागतो ते सर्व्हर. एका सेकंदात किती जणांना उत्तर देता येईल याला त्याची मर्यादा असते. १५ लाख मुलांपैकी प्रत्येकाच्या घरून पहिल्या दहा मिनिटांत एकदाच विचारणा झाली असं धरलं, तरी सेकंदाला अडीच हजार होतात. प्रत्यक्षात मुलगा बघतो, बाबा ऑफिसातून बघतात, मामा नाशिकहून बघतो, आणि चक्र फिरायला लागलं की तिघेही रिफ्रेश मारतात. प्रत्येक रिफ्रेश म्हणजे रांगेत आणखी एक नवी विचारणा. म्हणून तर निकाल एकाच संकेतस्थळावर न ठेवता अनेक ठिकाणी आणि डिजिलॉकरवरही देतात. थोडा दम धरून अर्ध्या तासाने बघणाऱ्याला तो बहुधा पहिल्या फटक्यात दिसतो. हे मला पटतं, पण निकालाच्या दिवशी कुणाला सांगून उपयोग नसतो.

सर्व्हर निकाल शोधतो कसा? इथे डेटाबेस येतो. मुलांच्या भाषेत सांगायचं तर तक्ते. प्रत्येक ओळ एका विद्यार्थ्याची, प्रत्येक रकाना एका माहितीचा. त्यातला एक रकाना असा हवा की ज्यात दोन ओळींना कधीच सारखी किंमत येणार नाही. नाव चालणार नाही, कारण एकाच तालुक्यात एकाच नावाचे चार जण सापडतात. म्हणून बैठक क्रमांक. याला प्रायमरी की म्हणतात.

१५ लाख ओळी एकेक करून चाळायची गरज नसते. सीएस५० शिकवणारे डेव्हिड मलान यांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. टेलिफोन डिरेक्टरी बरोबर मधोमध उघडायची, हवं ते नाव कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं आणि नको असलेला अर्धा भाग फाडून फेकून द्यायचा. पुन्हा मधोमध, पुन्हा फाडायचं. १०२४ पानं दहा फेऱ्यांत एका पानावर येतात. क्रमांक चढत्या क्रमाने लावलेले असतील तर १५ लाखांतून आपली ओळ शोधायला जास्तीत जास्त २१ फेऱ्या पुरतात. २१! मुलांना आधी अंदाज करायला लावा. काही लाख, काही हजार अशी उत्तरं येतात. मग कागदावर दोनाने भागत बसू द्या.

तक्त्यांचंच धाकटं भावंड म्हणजे स्प्रेडशीट. सीबीएसईच्या ४०२ मध्ये ती लिबरऑफिस कॅल्कवर शिकवतात, आणि ते सॉफ्टवेअर मोफत मिळतं. राज्य मंडळाची टक्केवारी सहापैकी चांगल्या पाच विषयांवर निघते. बरेच जण सगळ्यांत कमी गुणांचा विषय डोळ्यांनी शोधून, तो सोडून उरलेल्यांची बेरीज मारतात. स्प्रेडशीटला सांगायचं: सहाही विषयांची बेरीज, वजा त्यातली सगळ्यांत छोटी संख्या, भागिले पाच. एका ओळीला सूत्र लिहा, खाली ओढा, सगळ्या वर्गाचं झालं. 'गोल सीक' नावाची सोय तर मुलांना फार आवडते. चार विषयांत ३१२ झालेत, पाचांची सरासरी ८० हवी, तर पाचव्यात किती? ती सांगते ८८. बीजगणितात हेच 'क्ष काढा' म्हणून येतं तेव्हा कपाळाला आठ्या पडतात.

आईचं नाव कशाला विचारतात?

मला विचाराल तर सगळ्या कोर्समधला हा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि ऑनलाइन धड्यांत नेमका शेवटी ढकललेला.

बैठक क्रमांक सांगतो 'मी अमुक'. पण क्रमांक ओळीने दिलेले असतात. माझ्या क्रमांकात एक मिळवला की शेजारच्याचा मिळतो. म्हणून 'तो तूच कशावरून?' असा दुसरा प्रश्न हवा. त्याचं उत्तर म्हणजे आईचं नाव. ओळख सांगणं एक, खात्री पटवणं दुसरं. यूपीआयमध्ये तुमचा आयडी जगाला सांगायला हरकत नाही, पिन सांगायचा नसतो. तोच हा फरक. आता मुलांना विचारा, आईचं नाव हे कितपत चांगलं गुपित आहे? वर्गातल्या निम्म्या मुलांना एकमेकांच्या आयांची नावं ठाऊक असतात. निकालापुरतं एवढं अडसर पुरेसं धरता येईल. बँकेला चालणार नाही.

चार आकडी पिनच्या १० हजार शक्यता, सहा आकडीच्या १० लाख. १० हजार हे संगणकाला काहीच नाहीत, म्हणून तर थोड्या चुका झाल्या की बँक पिन बंद करते. पासवर्डच्या बाबतीत लोक उगाच 'ए'च्या जागी 'ॲट'चं चिन्ह घालून शहाणपण करतात. नुसतं लांब केलेलं बरं. छोट्या इंग्रजी अक्षरांचा आठ अक्षरी पासवर्ड चार अक्षरांनी वाढवला, तर शक्यता साडेचार लाख पटींनी वाढतात. अर्थात ती अक्षरं मनाला येतील तशी असायला हवीत, 'शिवाजी१२३' नको. आणि पैसे *घेण्यासाठी* पिन कधीच लागत नाही, हे वाक्य घरातल्या आजी-आजोबांना पाठ करून घ्यायला मुलांना गृहपाठ म्हणून देते.

दुसरा प्रयोग वर्गात हशा पिकवतो. लॅपटॉपवर निकालाचं पान उघडायचं, गुणांवर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडायचं. पानाची एचटीएमएल, म्हणजे पान ज्या भाषेत लिहिलेलं असतं ती, बाजूला दिसते. तिथे ६२ च्या जागी ९२ टंकायचं. पानावर गणितात ९२! टाळ्या. मग पान रिफ्रेश करायचं. ६२ परत. बदलली होती ती आपल्या ब्राउझरमधली प्रत. मंडळाच्या सर्व्हरवरच्या तक्त्याला कुणी हात लावलेला नव्हता. क्लायंट (मागणारं यंत्र) आणि सर्व्हर (देणारं यंत्र) हे शब्द समजावायला याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कुठल्याही स्क्रीनशॉटवर, मग तो निकालाचा असो वा पैसे पाठवल्याचा, डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो हेही त्याच मिनिटात कळून चुकतं.

आणि कोडिंग?

पहिल्या कोर्समध्ये ते बेताचंच असतं. स्क्रॅच हे एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेलं साधन, ज्यात तयार ठोकळे जोडून प्रोग्रॅम होतो. तिथून सुरुवात करतात. खरं शिकायचं असतं ते कडेला काय होतं हे बघणं. 'गुण ३५ पेक्षा जास्त असतील तर पास, नाहीतर नापास' असं मूल लिहितं. ४० ला बरोबर चालतं, २० ला बरोबर चालतं, मूल खूश. मग ३५ टाकून बघायला सांगायचं. नापास! 'पेक्षा जास्त' नव्हे, 'जास्त किंवा तेवढेच' हवं होतं. पुढे ३४, ०, १००, रिकामी जागा आणि गैरहजर मुलाचं 'गैरहजर' असं सगळं टाकून बघायचं. ज्याला हे सुचायला लागलं त्याला प्रोग्रॅमिंगची भाषा पायथन घ्यावी की जावास्क्रिप्ट हा प्रश्न फारसा उरत नाही.

मग कोर्स कुठला घ्यायचा?

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे. माझी कसोटी एकच: कोर्स मुलाकडून काय *करवून* घेतो आणि चुकलं तर कसं सांगतो. नुसते व्हिडिओ बघून संगणक येत नाही. तासभर व्हिडिओ पाहिला की मुलाला वाटतं आलं, आणि रिकाम्या पानासमोर बसवलं की हात चालत नाही.

या कसोटीवर सीएस५० चा मोठा कोर्स फार वरचा आहे. मुलाने लिहिलेला प्रोग्रॅम 'चेक५०' नावाचं साधन लगेच तपासतं. जमलं तर हसरा चेहरा, चुकलं तर रडका, आणि शेजारी काय अपेक्षित होतं आणि काय आलं ते. २०२३ पासून त्यांनी एआयवर चालणारं एक बदकही ठेवलंय. त्याला विचारलं तर ते थेट उत्तर देत नाही, मुलालाच उलट प्रश्न विचारतं. दुसऱ्या एआयकडून गृहपाठ लिहून घेणं तिथे नियमात बसत नाही. पण हा कोर्स नववी-दहावीला जड जातो. व्याख्यानं दोन-दोन तासांची, आणि स्क्रॅच संपलं की लगेच सी भाषा. अनेक मुलं तिथेच गळतात आणि स्वतःला 'ढ' समजायला लागतात. तसं समजायचं कारण नाही, तो विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी बेतलेला आहे. त्यामुळे आधी 'अंडरस्टँडिंग टेक्नॉलॉजी' किंवा खान ॲकॅडमीचे धडे घ्यावेत. मोठ्या कोर्सचा फक्त स्क्रॅचचा भाग करून थांबलं तरी चालतं.

इंग्रजीची अडचण खरी आहे. तिच्यावर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाचा चांगला उतारा आहे. लिबरऑफिस, लिनक्स, पायथन अशा कितीतरी गोष्टींवरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, त्यातले अनेक मराठी आवाजात, सगळे फुकट. पडद्यावरचे शब्द इंग्रजीच राहतात, बोलणं मराठी असतं, आणि हीच सोय आहे. पुढे कामाच्या ठिकाणी मेनू इंग्रजीच असणार. बघायची रीतही त्यांनी सांगून ठेवलीय. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, थांबवत थांबवत हाताने करत जायचं. दिसायला ते धडे साधे आहेत, चकचकीत जाहिरातवाल्या क्लासांसारखे नाहीत. त्या क्लासांची फी भरण्याआधी यातले दोन-तीन धडे मुलाला करू द्या.

मोबाइलवर कोर्स होतो का? बघण्यापुरता होतो. स्प्रेडशीट आणि प्रोग्रॅमिंगला कीबोर्ड लागतोच. जुना, मंद झालेला लॅपटॉप पडून असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घ्या, चालून जातो. नाहीतर शाळेची लॅब सुट्टीत चार तास उघडी ठेवायला मुख्याध्यापकांना गळ घाला. खातं उघडताना मुलासाठी वेगळा ईमेल करा आणि वयाची अट वाचा. बऱ्याच परदेशी सेवांना १३ वर्षं पूर्ण लागतात. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ च्या आतलं ते मूल, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती अशी तरतूद आहे. जन्मतारीख खोटी टाकून काम भागवणं सोपं असतं. पण ते मुलाच्या समोर बसून करू नका.

राहता राहिलं प्रमाणपत्र, जे पालक सगळ्यात आधी विचारतात. सीएस५० चे सगळे गृहपाठ आणि शेवटचा प्रकल्प पुरेशा गुणांनी पूर्ण केला तर त्यांचं प्रमाणपत्र मोफत मिळतं. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर ओळख पडताळून मिळणारं हवं असेल तर पैसे पडतात. अकरावीच्या प्रवेशाला यातल्या कशाचेही गुण धरत नाहीत. राज्य सरकारच्या नोकरीसाठी संगणक अर्हता म्हणून विचारतात ती एमएस-सीआयटीसारखी परीक्षा. तिचं काम वेगळं, ती हवी तेव्हा वेगळी द्यावी. आणि अकरावीला आयटी विषय घ्यायचा की नाही हे ठरत नसेल, तर प्रमाणपत्रापेक्षा सुट्टीतला अनुभव जास्त उपयोगी पडतो. त्या विषयात एचटीएमएल आणि डेटाबेस, बारावीला जावास्क्रिप्ट आणि पीएचपी आहे, आणि बोर्डाचा पेपरसुद्धा संगणकावरच द्यायचा असतो.